पाठीवरचा दाणा

पाठीवर तुरीचा दाणा येऊन लागला. कोकिळानं सूप खाली ठेवलं आणि मागं वळून पाहिलं. उंबऱ्यात बसलेल्या किसनरावांनी अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागितलं.

"तोंडानं मांगा," कोकिळा नवऱ्याला म्हणाली. "आता आयकू येते मले."

किसनरावांनी पुन्हा अंगठाच दाखवला.

तापात तिचे दोन्ही कान गेले, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून किसनराव तिला हाक मारायचे ती अशी, दाणा फेकून. तूर नसली तर हरभरा. पण नागपूरला ऑपरेशन झालं, कानामागं मशीन बसलं आणि ते सुरू झालं, तेव्हा पहिले किसनरावच बोलले होते. "आयकू येते काय?" एवढंच. सात वर्षं त्या आवाजासाठी झुरलेली कोकिळा सगळ्यांदेखत बोलून गेली, "अवो, हे डब्यातून कोन बोलून राह्यलं?" सगळे हसले. किसनरावही हसले. पण त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते तेव्हापासून.

मशीन लावणाऱ्या बाईंनी समजावलं होतं, सुरुवातीला सगळ्यांचे आवाज असेच येतील. घरच्यांनी भरपूर बोलायचं, म्हणजे हळूहळू माणसाचे वाटायला लागतात. आणि झालंही तसंच. कुकरची शिट्टी शिट्टीसारखी वाटू लागली, सून दिपालीचा आवाज बाईमाणसाचा. नवऱ्याचा आवाज तेवढा डब्यातच राहिला, कारण तो बाहेर येतच नव्हता.

कोकिळा पाणी घ्यायला आत गेली, तेव्हा दिपाली हळूच म्हणाली, "आई, तुम्हाले आयकू येत नव्हतं तवा बाबा घंटा घंटा बोलत. वावरातलं, भावकीतलं, सारं."

"माह्यासंग?"

"तुमच्या पाठीसंग. आमाले हासू ये."

कोकिळाला हसू आलं नाही. तिला राग आला. बायको बहिरी होती तोवर तिला सगळं सांगायचं आणि ऐकू यायला लागलं की मिठाची गुळणी धरायची, हा कुठला न्याय?

मशीननं दुपारी डोकं जड व्हायचं. मग ती ते काढून पांढऱ्या डबीत घालायची आणि डबी कोनाड्यात ठेवायची. डबी कोनाड्यात दिसली की बाईला काही ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिनं पदर कानांवरून नीट ओढून घेतला. किसनरावांना पाणी दिलं आणि त्यांच्या देखत रिकामी डबी कोनाड्यात ठेवली. मग भिंतीकडे तोंड करून पाखडायला बसली.

बराच वेळ सुपाचाच आवाज होता. मग मागून तो डब्यातला आवाज आला.

"आपल्या रजतचा फोन आलता राजूरहून. सुट्टी भेटली त पोयाच्या सनाले येतो म्हनते पोरगं."

सूप चालू राहिलं.

"दिपाली म्हनते, बाबा, बोलत जा. काय बोलू? तुह्या डोक्यात माहा पयलेचा आवाज असन. चांगला, गोड. तोच राहू दे. हा डब्यातला रोज रोज आयकशीन, त तोही जाईन."

सूप थांबलं. कोकिळाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती वळली नाही.

"तवाही गोड नव्हता," ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

किसनरावांनी कोनाड्यातल्या डबीकडे पाहिलं, मग बायकोच्या पदराकडे.

"खरखराच होता," कोकिळा म्हणाली. "तोच पाहिजे मले."

तिनं सूप पुन्हा उचललं. थोड्या वेळानं पाठीवर एक दाणा येऊन लागला. ती वळली नाही. दुसरा लागला. तरी नाही.

"अवं कोकिळा," किसनराव म्हणाले, "पानी दे."