आधीच वाजणाऱ्या टाळ्या

खालापूरच्या वाटेवरचं ते जुनं स्टेडियम आहे ना, त्याची दगडी गॅलरी पत्रे ठोकून बंद केलीय. पूर्वी कबड्डी बघायला कर्जत, लोधिवलीहून टेंपो भरभरून माणसं यायची. आता पायऱ्यांवर नुसतं गवत.

पण खाली मैदानात सराव करणारी मेघा चढाईला गेली, की त्या रिकाम्या गॅलरीतून टाळ्या यायच्या. आणि गंमत ऐका, आधी टाळ्या, मग समोरची पोरगी बाद! एकदाही चुकलं नाही.

"ताई, कोण हाय गं तिथं?" मेघाने विचारलं.

"तुझे चाहते!" कोच सुरेखाताई हसली. "माझ्या टायमाला पन वाजायच्या."

"मग थांबल्या कशा?"

ताईने आपला अधू गुडघा चोळला. "चल, प्रॅक्टिस कर."

जिल्ह्याच्या निवडीचा दिवस, सामना याच मैदानावर. शेवटची चढाई, एक गुण हवा. मेघाने मैदानाची माती कपाळाला लावली, दम धरला आणि रेष ओलांडली. आता दम सोडला, की निवड गेली.

टाळ्या आल्या. पण हळू, एकेक. जखमी खेळाडूला उचलून नेताना लोक वाजवतात ना, अगदी तशा.

ताई ताडकन उठली. "मेघा, मागं फिर गं!"

मेघाच्या तोंडात कबड्डी, कबड्डी चालूच होतं. समोरच्या सातही पोरींनी तिला धरलं नाही. त्या गॅलरीकडे बघत गुमान दोन बाजूंना सरकल्या, कुणाला तरी उचलून न्यायला वाट द्यावी तशा.