जुन्या विंडोजचा ड्रायव्हर

नवं विंडोज घालतो, मग वायफाय लगेच लागेल, असं गल्लीतला आदर्श पुन्हा म्हणाला. मंजुश्रीनं पुन्हा नको म्हणून मान हलवली. नव्यात साडीच्या डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर चाललं नसतं, आणि मेल पुन्हा उघडायला लागणारा पासवर्ड तिच्या नवऱ्याबरोबर, भरमाबरोबरच गेला होता. पाडव्याच्या आधी.

भरमा गेल्यावर मागाच्या या खोलीतला कॉम्प्युटर बंदच होता. त्याच्या थोडं आधीच वीज पडून टेलिफोनच्या तारेवरचं नेटही गेलं होतं. ज्या व्यापाऱ्यांसाठी तो डिझाइनं काढायचा, त्यांना अजून कळवलेलं नव्हतं. सासू रोज आठवण करून द्यायची. मंजुश्री व्हय म्हणायची आणि भात लावायची.

आदर्शनं मोबाइलचं नेट घ्यायला वायफायचा छोटा दांडा कॉम्प्युटरच्या मागं खोचला होता, पण विंडोज सेव्हन त्याला ओळखत नव्हतं. कंपनीच्या साइटवरनं दांडा चालवणारी जुनी फाइल, ड्रायव्हर, काढून टाकलेला. तो मोबाइलवर शोधत राहिला. एक फाइल उतरवली, पेनड्राइव्हनं चढवली, चालली नाही. दुसरीही चालली नाही. तिनं चहा आणला, तो गार झाला. शेजारच्या घरातला माग चालूच होता.

शेवटी परदेशातल्या कुणीतरी जपून ठेवलेली एक फाइल सापडली. दांड्यावरचा दिवा लुकलुकला.

"लागलं, वैनी."

मेल आपोआप उघडला, आणि नेट गेल्यावर भरमानं लिहिलेलं, अडकून पडलेलं एक पत्र तिच्या देखत निघून गेलं. बंगळूरच्या शेटला, भरमाच्या नावानं, सोबत पदराचं डिझाइन. थांबव म्हणायचं तिला सुचलं नाही.

आदर्श पसारा आवरत होता, तेवढ्यात उत्तर आलं. कन्नडातलं. तिनं स्वतःच वाचलं. पदर फार आवडला, इतके दिवस कुठं होतात, ह्याला जुळता काठ कधी देता, असं शेटनं विचारलं होतं.

आदर्श खाली बघत म्हणाला, "मी लिवू का त्यास्नी? भरमाअण्णा गेले म्हणून?"

मंजुश्रीनं पडद्यावरच्या पदराकडं बघितलं. डोळ्यांत काही आलं नाही.

"काठ लवकर देतो म्हणून लिव्ह."

त्याची बोटं थांबली. "देतो, का देते?"

"वर नाव त्यांचंच हाय न्हवं," ती म्हणाली. "देतो लिव्ह."