पांढरी बासुंदी

नैवेद्याआधी अन्नाचा वास घ्यायचा नाही, ही आचारी हौसाबाईंची जन्माची रीत. त्यामुळे जावळाच्या जेवणात नैवेद्य होताच घाईनं बसलेली मुलांची पंगत उठली, तेव्हा कुठं त्यांनी बासुंदीच्या पातेल्यावर नाक नेलं.

वास आंबूस आला.

"सोपानराव, मोठ्यांच्या पंगतीला ही वाढू नका," त्या यजमानांना म्हणाल्या.

सोपानराव पातेल्यात डोकावले. "पांढरीशुभ्र तर आहे, मावशी. निळी कुठं पडलीय?"

बारा वर्षांमागं शास्त्रज्ञांनी अन्न नासवणाऱ्या जंतूंना रंगाची खूण लावून जगभर सोडलं होतं. तेव्हापासून नासलेलं अन्न निळं पडायचं आणि लोक नाकाचं ऐकेनासे झाले होते.

"नाक म्हातारं झालंय तुमचं," सोपानरावांची बहीण हसली. "आणा तो डाव इकडं."

हौसाबाईंनी डाव दिला नाही. पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर त्यांनी दोन्ही हात टेकले.

"आणि जंतूंनी रंग टाकून दिला असंल, तर?"

सोपानरावांनी झाकण सरकवलं, वाकून वास घेतला आणि ते मांडवाकडं बघत राहिले. तिथं मुलांची पैज रंगली होती. त्यांचा नातू ओरडून सांगत होता, "मी पाच वाट्या प्यालो."