संध्याकाळची शिफ्ट

ऐन संध्याकाळच्या गर्दीत कामावरच्या एकुलत्या एका पोराने दांडी मारली, तेव्हा प्रेमानंदने हेडसेट स्वतःच्याच डोक्यावर चढवला. टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या त्या बर्गरच्या दुकानाचा तो मॅनेजर. पण मॅनेजरी गेली खड्ड्यात, हल्ली फ्राईज तळण्यापासून टेबलं पुसण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात होतं. शाळकरी पोरं कामाला मिळतच नव्हती. मालकाने शांतपणे सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत संध्याकाळची शिफ्ट भरली नाही तर दुकानाला कुलूप. पन्नाशीत दुसरीकडे कोण उभं करणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

रविवारी आंबेडकर असोसिएशनच्या कार्यक्रमात त्याने लाज गुंडाळून एकेकाला गाठलं. नीलिमाताईंना म्हणाला, तुमच्या आरवला पाठवा की थोडा वेळ. त्या म्हणाल्या, त्याला कुठली फुरसत, शाळा सुटली की तो तुमच्या धम्मप्रियाच्या स्टडी ग्रुपमध्ये. राकेशच्या सलोनीचंही तेच. कपिलच्या दोन्ही मुलींचंही तेच. सगळी रोज लायब्ररीत.

आता यावर बोलणार काय, कपाळ? ग्रुप त्याच्याच लेकीने काढलेला. जो तो तिचं कौतुक करत होता. कामाचं राहिलं बाजूला, गडी छाती फुगवून घरी आला.

खरं तर धम्मप्रियाने उन्हाळ्यात त्याच्याच दुकानात काम मागितलं होतं. माझी पोरगी टेबलं पुसणार नाही, म्हणून त्याने तिथल्या तिथे विषय संपवला. लोकांच्या पोरांनी मात्र पुसावीत!

घरी ललिताची वेगळीच कटकट. तळणाचा वास नवऱ्याच्या कपड्यांना येतो तो येतोच, आता लेकीच्या जॅकेटलाही यायला लागला. प्रेमानंदने निमूटपणे आपला युनिफॉर्म बेसमेंटमध्ये टांगायला सुरुवात केली.

त्यात दोन सिग्नल पुढच्या चिकनच्या दुकानात म्हणे पोरांची रेलचेल होती. सामान आणून टाकणारा ड्रायव्हर रोज मीठ चोळायचा. एवढी गुणी पोरं यांनाच कुठून सापडतात, म्हणून प्रेमानंद मनातून जळायचा. शेवटी त्याने ठरवलं, एखादं पोरगं फोडायचंच. दुकान वाचवायचं तर दुसरा इलाज नव्हता.

बुधवारी चहाच्या सुट्टीत त्याने गाडी थेट त्यांच्या ड्राइव्ह-थ्रूत घातली. स्पीकरवर कुणीतरी पोरगा होता, अगदी अदबीने बोलणारा. प्रेमानंदने ऑर्डर दिलीच नाही. इंग्रजीतून हळूच म्हणाला, मी पलीकडच्या बर्गरवाल्यांचा मॅनेजर. आमच्याकडे ये. पगार जास्त देतो, परीक्षेला सुट्टी देतो, मित्रांनाही घेऊन ये.

 पलीकडून बारीक आवाज आला.

"काका... प्लीज ड्राइव्ह अप टू द विंडो."

काका?  गाडी कशी पुढे गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

खिडकी सरकली. लाल टोपीखाली धम्मप्रिया उभी होती. तिच्या मागे हेडसेट लावलेला आरव, ट्रे धरलेली सलोनी, आणि टेबलं पुसता पुसता थिजलेल्या कपिलच्या दोन्ही मुली. अख्खा स्टडी ग्रुप त्याच्याकडे बघत होता.



"आम्ही सगळे तुमच्याकडेच येणार होतो, बाबा," ती म्हणाली. "बट यू नो ऑल देअर पेरेंट्स."