बशीवरचं फडकं

“शेवंताबाई, वर्षभर मिरचीची धूळ खाऊनही बशीतल्या तुमच्या पेशी ठणठणीत आहेत. म्हणजे खोकला कांडपाचा नव्हे,” कारखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला मिरचीच्या खोलीतून हलवता येणार नाही.”

शेवंताला ठसका आवरेना. नियमच तसा होता. प्रत्येक बाईच्या फुप्फुसातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि काचेच्या बशीत घालून कांडपावर तिच्याच शेजारी ठेवायच्या. बशी काळवंडली, तरच बाईला दुसरं काम. बाई स्वतः काय सांगते, ते कुणी विचारत नसे.

पहिल्याच दिवशी शेवंतानं बशीतली ती गुलाबी साय वाकून निरखली होती. आपला एवढा तुकडा तरी धड राहावा, म्हणून कांडप सुरू झालं की ती नाकाचं फडकं सोडून बशीवर पसरायची. रोज, वर्षभर. आता हे सांगावं, तर नोकरीच जायची.

दुसऱ्या दिवशी तिनं फडकं नाकाला आवळून बांधलं आणि बशी उघडी ठेवली.

“भोग आता तूच,” ती बशीला म्हणाली.

कांडप सुरू झालं. लाल धूळ उठली आणि शेवंताचा हात आपसूक फडक्याची गाठ सोडू लागला.