चाँदबीनं भरलेली गादी

मालनबाईंनी गादी फाटकाबाहेर टाकायला लावली तेव्हा टँकरच्या रांगेत चाळीसेक बाया बसल्या होत्या. टँकर सर्जेरावांच्या बंगल्यापुढंच थांबायचा. मालनबाईंचे यजमान सर्जेराव साखर कारखान्याचे संचालक. टँकर कुठं थांबायचा हे तेच ठरवत.

गादी भिजलेली होती. मालनबाईंनी तिच्यावर दोन बादल्या उकळतं पाणी ओतलं होतं. रांगेतल्या बायांनी आधी वाया गेलेलं पाणी बघितलं, मग गादी.

चाँदबीला घरून बोलावून आणलं होतं. नवरा ख्वाजा गेल्यापासून गावातल्या गाद्या तीच भरायची. ही पण पंधरा दिवसांमागं तिनंच भरून दिलेली. मालनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. हिच्या घरात ढेकणं, हिच्या कापसात ढेकणं, तीच आमच्या अंथरुणात आली. आता बघतेच, गावात हिच्याकडं गादी कोण टाकतं ते. लग्नसराईच्या अकरा गाद्या भरायच्या होत्या. त्यांवरच चाँदबीचं सालभराचं घर चालायचं. जानकीबाईनं सकाळीच निरोप धाडला होता, आमची राहू दे म्हणून. ती पण रांगेतच होती, घागरीकडं बघत.

शेजारची एकजण कुजबुजली, पाय धर, सोडून देतील.

चाँदबीनं कमरेची कातर काढली आणि गादीची शिवण उसवायला घेतली. मुठीमुठीनं कापूस उपसला, झटकला, रस्त्यावर पसरला. पांढरा कापूस. त्यात जिता-मेलेला एकही निघाला नाही. मग खोळ उलटी करून तिनं शिवणीवरनं बोट फिरवलं. उशाकडच्या कोपऱ्यात तीन ढेकूण सापडले, मेलेले. एक तिनं नखाखाली दाबला. काळपट रक्त आलं. ते बोट तिनं मालनबाईंपुढं धरलं. मालनबाईंनी तोंड फिरवलं.

"ढेकूणच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई," चाँदबी म्हणाली. "पण कापसात न्हाई, कडंला हाय. कापसात ऱ्हाऊन त्यो खाईल काय? त्याला फट लागती अन् माणूस लागतं. पलंग दाखवा."

मालनबाईंनी ऐकवलं, पलंग अस्सल सागवानी आहे, तुझ्या बाजेसारखा नाही.

"सागवान असू द्या न्हाईतर बाभळ, वैनी. ढेकूण लाकडाला चावत न्हाई."

रांगेत हसू फुटलं. दाखवा की, कुणीतरी म्हणालं. मग चारपाचजणी म्हणाल्या. आवाज ऐकून सर्जेराव बनियनवरच बाहेर आले. हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे, असा हिशेब करून त्यांनी गड्याला, आश्रुबाला, पलंग बाहेर काढायला सांगितलं. वरून पलंग चकचकीत होता. पलंगाच्या पोटाखाली कोण बघतं?

चाँदबीनं बघितलं. आश्रुबानं आणि आणखी दोघांनी पलंग रस्त्यावर आणला, तसा तिनं तो उलटा करायला लावला. सांध्यांवर शाई शिंपडावी तसे काळे ठिपके. फटीत पांढरी टरफलं, खसखशीएवढी अंडी. तिनं गादी शिवायची दाभण एका सांध्यात घातली आणि फिरवली. ढेकूण बाहेर सांडले. चपटे, तांबडे, लहानमोठे, मोजता येणार नाहीत इतके. वास सुटला. बायांनी घागरी मागं ओढल्या.

"पंधरा दिसांची पैदास न्हाई ही," चाँदबी म्हणाली. "दोन-तीन सालाची हाय. तुमच्या पलंगातली माझ्या गादीत आली." मग तिचं बोट आडव्या फळीवर थांबलं. तिथं पांढऱ्या रंगानं काही लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. "आश्रुबाभाऊ, हे काय लिवलंय बगा."

आश्रुबा सातवी शिकलेला. त्यानं वाचलं आणि आधी मालकाकडं बघितलं. मग मोठ्यानं वाचलं. "बळीवैभव सहकारी साखर कारखाना. अतिथीगृह. पलंग क्रमांक चार."

रांगेतल्या निम्म्या घरांचे शेअर होते त्या कारखान्यात. पाऊस गेला, ऊस गेला, दोन सालांपासून कारखाना बंद. अतिथीगृहाचं सगळं लाकूडसामान वाळवीनं खाल्लं, जाळून टाकावं लागलं, असं सभेत माईकवरून सांगणारे सर्जेरावच होते.

"वाळवीनं अक्षरं तेवढी सोडली बया," रांगेतनं आवाज आला.

सर्जेरावांनी आश्रुबाला पलंग आत घ्यायला सांगितलं. आश्रुबानं हात धोतराला पुसले. एक शेअर त्याचाही होता.

"आत कसा न्यायचा, मालक? ढेकणं हायत. चार दिस उन्हात पडू द्या, असाच उलटा." आणि तो जाऊन लिंबाच्या सावलीत बसला.

सर्जेराव चाँदबीजवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, गादी चांगली आहे, भरून दे, मी सांगतो घरात, तुला कुणी काही बोलणार नाही.

"हळू काहून बोलता, साहेब?" चाँदबी म्हणाली. "वैनी तर मोठ्यानं बोलल्या."

सर्जेरावांनी रांगेकडं बघितलं. चाळीस बाया त्यांच्याकडंच बघत होत्या. चाँदबी हलली नाही. शेवटी ते रांगेला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, गादीचा दोष नव्हता. म्हणाले आणि आत गेले. मालनबाई आधीच गेल्या होत्या.

चैताचं ऊन. टँकर येऊन गेला तोवर कापूस वाळला. चाँदबी तिथंच रस्त्यावर मांडी घालून खोळ भरत बसली. भरलेल्या घागरी घेऊन बाया पलंगाला वळसा घालून जात होत्या. ज्यांना वाचता येत होतं त्या वाचत होत्या, येत नव्हतं त्यांना सांगत होत्या.

जानकीबाई थांबली. घागर डोक्यावर तशीच. आमच्या गादीला कधी येतीस, तिनं विचारलं.

चाँदबीनं दातानं दोरा तोडला.

"येते की. पण आधी पलंग उलटा करून बघन."