दारात आडवं मशीन

फ्लूची साथ येणार म्हणताच नर्स आईने घर सज्ज केलं. औषधं, थर्मामीटर, आजाऱ्यासाठी मागची खोली. आणि पहिला ताप चढला तिलाच. डॉक्टरांनी बजावलं, “पडून राहा, नाहीतर हॉस्पिटलात हलवावं लागेल.” पण ऐकेल ती आई कसली? भांडं वाजलं की स्वयंपाकघरात हजर. शेवटी, कुणी शिंकलं तरी पळ काढणाऱ्या शिंपी बाबांनी मास्क चढवला, शिलाई मशीन ओढत आणून खोलीच्या दारात आडवं लावलं आणि शिवायला बसले. “आता ओलांडून दाखव.” “अहो, भात कोण लावेल?” “लेक लावेल. करपवेल, पण लावेल.” लेकीने खरंच करपवला. मशीनच्या ओळखीच्या खडखडाटात आईचा डोळा लागला. लेकीने पाहिलं, मशीनचा दोरा कधीच संपलेला. “बाबा, दोरा...” “शू. मशीन थांबलं की उठते ती.” आणि ते बिनदोऱ्यानेच मन लावून सदरा शिवत राहिले.